नकाराचे कारण कोणी सांगत नाही: पारलिंगी मॉडेल, कास्टिंग आणि मनाचे स्वास्थ्य

पांढरी_जास्वंद (धागाकर्ती), रात्री १०:४२

नमस्कार. मी नागपूरची, वय २७, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहे आणि गेली चार वर्षे मॉडेलिंग करते. मॉडेलिंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा रॅम्प येतो. माझे बहुतेक काम मात्र इतवारीतल्या घाऊक व्यापाऱ्यांच्या साड्या-लेहंग्यांच्या कॅटलॉगचे, धरमपेठेतल्या दोन-तीन बुटिकांच्या छायाचित्रांचे आणि लग्नसराईच्या आधी होणाऱ्या वधू-मेकअपच्या प्रात्यक्षिकांचे असते. एका दिवसात तीस-तीस साड्या नेसायच्या आणि सोडायच्या, त्यामुळे संध्याकाळी पिनांनी बोटे सोललेली असतात. हे काम मला आवडते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे वाचून कोणीतरी 'मग सोडून दे' असे लिहिणार याची मला खात्री आहे.

धागा काढण्याचे कारण असे की, गेल्या वर्षभरात मी मुंबईतल्या अकरा कास्टिंगना गेले. छातीवर क्रमांकाचा कागद लावायचा, पाच-सहा जणांच्या टेबलासमोर चालून दाखवायचे, वळायचे, नाव आणि उंची सांगायची आणि 'थँक यू' ऐकून बाहेर पडायचे. नऊ ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. दोन ठिकाणांहून 'लुक जुळत नाही' एवढा निरोप आला. माझ्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या इतर मुलींनाही नकार मिळतात, पण त्या 'उंची कमी पडली असेल' असे म्हणून स्टेशनबाहेर वडापाव खातात आणि विषय संपवतात. मला तसे करता येत नाही. विदर्भ एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर पडल्या पडल्या माझा हिशेब सुरू होतो: खांदे रुंद दिसले का? नाव सांगताना आवाज खाली गेला का? कोणीतरी टेबलावरच्या माणसाच्या कानात काही सांगितले का? इगतपुरी जाते, भुसावळ जाते, बडनेरा येते, तरी हिशेब जुळत नाही. नकाराचे मला एवढे दुःख नाही. तो नकार माझ्या कामाला होता की माझ्या असण्याला, हे कधीच कळत नाही आणि ते न कळणे मला आतून पोखरते आहे.

एक प्रसंग सांगते. मागच्या महिन्यात एका लेहंग्याच्या फिटिंगला ब्लाउजचे हूक पाठीमागे दोन बोटे अंतरावर अडले. संयोजक बाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त सहायकाकडे पाहिले. ते पाहणे मी घरी घेऊन आले. शिवणारे मास्टर मात्र खाली वाकले, शिलाई उलटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, दोन्हीकडे मार्जिन हाय ना, सोडून देतो." पाच मिनिटांत ब्लाउज बसला. मास्टरांना माझ्याविषयी माहीत आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी एकाच खोलीत दोन माणसांनी माझे खांदे पाहिले आणि रात्री मला आठवण राहिली ती फक्त संयोजक बाईंच्या नजरेची.

दोन महिन्यांपासून झोप नीट लागत नाही. रात्रीचे जेवण मी जवळजवळ बंद केले आहे. तीन वर्षांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरके (हार्मोन्स) घेत असल्यामुळे शरीराविषयीची जुनी अस्वस्थता बरीच निवळली होती; ती आता आरशासमोर पुन्हा उभी राहू लागली आहे. यातले माझ्या लिंगभावाचे (जेंडरचे) दुखणे कोणते आणि या व्यवसायाने दिलेले कोणते, हे कसे ओळखावे? नागपुरात याविषयी कोणाशी बोलावे? आपण जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धरमपेठचा_कॅमेरा, रात्री ११:२०

मी बावीस वर्षे या व्यवसायात आहे आणि कास्टिंगच्या टेबलामागेही अनेकदा बसलो आहे, म्हणून तिथे काय घडते ते सांगतो. बहुतेक वेळा कपडे कास्टिंगच्या आधीच एका ठरावीक मापात शिवून झालेले असतात. त्यामुळे ज्या मुलीच्या अंगाला ते बसतील ती मुलगी निवडली जाते, आणि चांगली चालणारी, चांगला चेहरा असलेली मुलगी दीड इंचाने बाहेर पडते. कधी ग्राहकाला मागच्या मोसमातल्याच चेहऱ्यासारखा चेहरा हवा असतो. कधी मालकाच्या भाचीचे नाव आधीच लिहिलेले असते आणि बाकीची रांग ही केवळ रीत म्हणून लावलेली असते. थोडक्यात, तुमच्या अकरा नकारांपैकी बरेचसे मोजपट्टीचे आणि भाचीचे असतील.

पण सगळे नसतील. 'मुलगी छान आहे, पण आपला माल तालुक्याच्या ठिकाणी जातो, कोणी ओळखले तर?' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, आणि ते मॉडेल खोलीबाहेर गेल्याशिवाय कोणी बोलत नाही. म्हणून तुमचा संशय हा मनाचा खेळ आहे असे कोणी म्हणाले तर मानू नका. संशयाला आधार आहे. फक्त कोणत्या नकाराला तो लावायचा, हे तुम्हाला कळू दिले जात नाही.

नेपाळच्या नुवाकोट जिल्ह्यातून आलेली अंजली लामा २०१७ मध्ये लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर चालली, तेव्हा पहिली पारलिंगी मॉडेल म्हणून तिचे नाव सगळीकडे छापून आले. त्याआधीच्या फेऱ्यांमध्ये ती दोनदा नाकारली गेली होती, ही गोष्ट बातम्यांच्या तळाशी राहिली. मधल्या काळात तिचे शरीर काही वेगळे झाले नव्हते. निवडणाऱ्यांची नजर बदलली असावी, असे मला वाटते.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी मी एका पारलिंगी मुलीचे फार सुंदर छायाचित्र काढले आणि तिला न विचारता त्याखाली 'विदर्भातील पहिली पारलिंगी मॉडेल' अशी ओळ टाकली. माझ्या मनात कौतुकच होते. आठवड्याभरात तिच्या घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितले, कारण तोवर त्याला काही माहीत नव्हते. मी ओळ काढली, पण तोपर्यंत ते चित्र शंभर जणांच्या फोनमध्ये पोहोचले होते. तेव्हापासून माझ्या स्टुडिओत नियम आहे: श्रेयनामात, म्हणजे छायाचित्राखालच्या नावाच्या ओळीत, काय लिहायचे हे मॉडेल स्वतःच्या हाताने लिहून देते, कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी असते, आणि ओळखीसाठी काढली जाणारी बिनमेकअपची, अंगासरशी कपड्यांतली छायाचित्रे 'डिजिटल्स' म्हणून कोण पाहणार आहे हे आधी सांगितले जाते.

समुपदेशिका_लक्ष्मीनगर, सकाळी ७:०५

धागाकर्ती, तुम्ही प्रश्न इतका नेमका विचारला आहे की अर्धे काम झालेले आहे. मी चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते. इथे लिहिलेले कोणत्याही भेटीची जागा घेऊ शकत नाही, पण काही गोष्टी सुट्या करून पाहता येतील.

पारलिंगी असणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ मध्ये 'लिंगभाव विकार' हे जुने निदान काढून 'जेंडर डिस्फोरिया' हा शब्द आणला, म्हणजे उपचाराचा विषय व्यक्तीची ओळख हा न राहता तिला होणारा त्रास हा झाला. तुमचा त्रास खरा आहे. त्याचा उगम तुमच्या ओळखीत आहे, असे मात्र गृहीत धरू नये.

तुम्ही वर्णन केलेले 'न कळणे' मानसशास्त्राला परिचित आहे. ज्या समूहाला भेदभाव सोसावा लागतो त्या समूहातल्या व्यक्तीला नकार मिळाला की त्याचे कारण आपल्यात शोधायचे की समोरच्याच्या पूर्वग्रहात, हे ठरवता येत नाही. आश्चर्य वाटेल, पण असे लोक कौतुकावरही विश्वास ठेवू शकत नाहीत: 'मला काम मिळाले ते मी चांगली म्हणून की त्यांना एक पारलिंगी चेहरा दाखवायचा होता म्हणून?' सतत सावध राहणे, ओळख लपवणे, अपमानाची आधीच वाट पाहणे यांचा रोजचा भार हळूहळू झोप, भूक आणि मनःस्थिती यांच्यावर उतरतो. इलान मेयर यांनी २००३ मध्ये अल्पसंख्याकांच्या ताणाविषयी जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे, आणि पुढे इतर अभ्यासकांनी ती पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात विस्तारली.

एक साधी गोष्ट करून पाहा. वहीच्या पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे 'मला सांगितले गेले' आणि उजवीकडे 'मी धरून चालले' असे लिहा आणि प्रत्येक कास्टिंगनंतर, गाडीत बसण्याच्या आधी, दोन्ही बाजू भरा. याने कारण कळणार नाही. कारण कळलेले नाही, एवढे तरी स्वच्छ दिसेल, आणि रात्रभर चालणाऱ्या उलटतपासणीला थांबण्याची एक जागा मिळेल.

तुम्ही रात्रीचे जेवण बंद केले आहे, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. खाण्याशी बिघडलेले नाते पारलिंगी व्यक्तींमध्ये अधिक आढळते, आणि मॉडेलिंगमध्ये त्याला शिस्त म्हणून गौरवले जाते, त्यामुळे ते लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात संप्रेरकोपचाराची भर आहे. तुम्हाला पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते मुळात लघवी वाढवणारे आणि रक्तातले पोटॅशियम वाढवू शकणारे औषध आहे. शूटच्या आदल्या दिवशी पोट सपाट दिसावे म्हणून पाणी तोडण्याची जी पद्धत आहे ती या औषधाबरोबर आणि नागपूरच्या मे महिन्यात धोक्याची ठरू शकते. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांनी भूक मारण्यासाठी सिगारेट ओढू नये, कारण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. हे दोन्ही विषय तुमच्या डॉक्टरांकडे स्वतःहून काढा आणि लाज बाळगू नका. गोळ्यांची मात्रा मनाने कमी-जास्त करू नका. शरीर लवकर बदलावे म्हणून दुप्पट गोळ्या घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि चरबीचे स्थान बदलायला जी दोन-तीन वर्षे लागतात ती त्यांनाही लागलीच.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, आणि मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मराठीतही बोलता येते. जगणे नको वाटू लागले तर सकाळची वाट न पाहता हा क्रमांक लावा.

कोणाकडेही जा, पहिल्या भेटीत तुम्हीच त्यांची थोडी मुलाखत घ्या. पारलिंगी व्यक्तींबरोबर आधी काम केले आहे का, आणि माझी ओळख बदलण्याचा प्रयत्न तुम्ही कराल का, हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले तर उठून या. ओळख 'दुरुस्त' करण्याच्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

सदरकर, सकाळी ९:३०

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु एक शंका मांडतो. ज्या क्षेत्रात शरीराचेच मोल होते त्या क्षेत्रात, शरीराविषयी आधीच अस्वस्थता असलेल्या व्यक्तीने जाणे हेच मुळात चुकीचे नाही का? पोहता येत नसताना अंबाझरी तलावात उडी मारण्यासारखे हे वाटते. शिक्षण, बँक, शासकीय नोकरी असे शांत मार्ग आहेत. त्या मार्गांनी गेल्यास हा ताण उद्भवणारच नाही.

जुनी_शुक्रवारी, सकाळी ११:१५

सदरकर, आपण सभ्य शब्दांत लिहिले आहे म्हणून सभ्य शब्दांतच उत्तर देते. माझे वय ५३ आहे. मी तृतीयपंथीयांच्या जमातीत वाढले, गुरूच्या हाताखाली बधाई मागितली, नंतर व्हरायटी चौकाच्या सिग्नलवरही उभी राहिले. आमच्या वेळी जे शांत मार्ग आपण म्हणता त्या सगळ्यांच्या दारावर शाळा सोडल्याचा दाखला मागत आणि त्या दाखल्यावर मुलाचे नाव असे. शाळा का सुटली हे विचारणारा एकही माणूस मला त्या दारांवर भेटला नाही.

शरीराचे मोल होते म्हणून हे क्षेत्र नको, असे आपण म्हणता. सिग्नलवर काय होत होते? गाडीची काच खाली जायच्या आत माझ्या तोंडाकडे, छातीकडे, हाताकडे पाहून लोकांनी माझे मोल केलेले असे. ही मुलगी निदान त्याचे बिल करते.

बदल होतो, नाही असे नाही. आपल्याच नागपूरच्या पारलिंगी कार्यकर्त्या विद्या कांबळे २०१८ मध्ये लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्या, तेव्हा मी त्यांचे वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून ठेवले होते. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडची वीणा सेंद्रे मिस ट्रान्स क्वीन इंडिया झाली. आमच्या घरातल्या चेल्यांनी ती बातमी फोनवर किती वेळा पाहिली त्याची गणती नाही. पण मला तेव्हा एक काळजी वाटली होती आणि ती अजून आहे. पूर्वी आमच्या पोरींना 'बाई दिसली पाहिजे' एवढेच वाटे. आता 'वीणासारखी दिसली पाहिजे' असे वाटते. कोण गोरी होण्याची क्रीम लावते, कोण हनुवटीच्या शस्त्रक्रियेसाठी व्याजाने पैसे काढते. स्त्री असणे आणि सुंदर स्त्री असणे या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एक होऊन बसल्या आहेत. सुंदर दिसले नाही तर आपण स्त्रीच नाही, असे त्यांना वाटू लागते. पोरी, तुझ्या आरशाचे दुखणे मला यातले वाटते. ब्लाउजचे हूक न लागलेल्या बायका या गावात कमी आहेत का? त्यातल्या कोणालाही आपण बाई नाही असे वाटले नसेल.

इतवारी_काकू, दुपारी १२:०२

माझे तर लग्नाच्या ब्लाउजचे हूक लागले नव्हते, पदर घट्ट घेऊन वेळ निभावली. बाकी वाचते आहे. बाई, रात्री जेवत जा.

कोराडी_रोड, दुपारी २:४८

मी पारलिंगी पुरुष आहे आणि पुरुषांच्या कपड्यांसाठी अधूनमधून मॉडेलिंग करतो. आमच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे लिहितो. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बाइंडर घालतात. तो सलग आठ तासांहून अधिक घालू नये आणि त्यात झोपू नये, हे कुठेही वाचायला मिळते. पण शूट बारा तास चालले तर तो काढायचा कुठे, हे कोणी सांगत नाही. एकदा फुटाळ्याच्या काठावर उन्हात शूट होते. सातव्या तासाला मला दीर्घ श्वास घेता येईना. 'पाच मिनिटे द्या' एवढे म्हणण्याचे धैर्य होईना, कारण मग 'कशासाठी?' असा प्रश्न आला असता आणि त्या टीममध्ये कोणालाही माझ्याविषयी माहिती नव्हती. मी चक्कर आल्याचे सोंग केले आणि गाडीत जाऊन बसलो. सोंग म्हणतो खरे, पण चक्कर येतच होती.

ओळख लपवून काम करण्याचे हे ओझे या व्यवसायात जुने आहे. अमेरिकेत ट्रेसी नॉर्मन ही कृष्णवर्णीय मॉडेल १९७० च्या दशकात केसांच्या रंगाच्या डब्यावर झळकली आणि तिची ओळख उघड झाल्यावर तिथले तिचे काम आटले. ब्रिटनमध्ये कॅरोलिन कॉसी हिला एका खपाऊ वृत्तपत्राने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चव्हाट्यावर आणले. फिलिपिन्समध्ये जन्मलेली जीना रोसेरो न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे काम करत होती आणि तिने २०१४ मध्ये व्यासपीठावरून स्वतःच सांगितले. पहिल्या दोघींना ती निवड करू दिली गेली नाही. धरमपेठच्या काकांनी आपली चूक कबूल केली म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटला, पण त्या मुलीची खोली गेली ती गेलीच.

आणि एक. जून महिना, म्हणजे आमचा 'प्राइड'चा महिना, आला की मोठ्या ब्रँडांचे फोन वाजतात, कारण त्यांना इंद्रधनुष्यी जाहिरात हवी असते. त्यात मला नेहमी 'तुमचा संघर्ष सांगा' असे म्हणतात. शर्टाविषयी कोणी विचारत नाही. जुलैमध्ये तेच लोक संदेश वाचून उत्तर देत नाहीत. समुपदेशिका म्हणतात तसे, होकारावरही विश्वास बसत नाही तो यामुळे.

सदरकर, दुपारी ३:३०

जुनी_शुक्रवारी यांचे उत्तर दोनदा वाचले. दाखल्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तलावाची उपमा मागे घेतो.

वकील_सिव्हिल_लाइन्स, सायंकाळी ६:१०

कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो, कारण इथे मनाचा विषय चालला आहे आणि धाग्याला फाटे फोडायचे नाहीत. तरीही कागदावरचे नाव हा मनाचाच विषय आहे, हे माझ्या अशिलांकडून शिकलो आहे. एका मॉडेलचा मोबदला दर वेळी अडत असे, कारण देयकावर नवे नाव आणि पॅन कार्डावर जुने. मग लेखापाल संपूर्ण गटात विचारत असे, 'हा अमुक कोण?' महिन्यातून एकदा तिला जुन्या नावाने सर्वांसमोर हाक मारली जात असे, तीही स्वतःच्याच पैशांसाठी.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पारलिंगी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्यात आस्थापनांना नोकरीत, भरतीतही, भेदभाव करण्यास मनाई केली गेली. मी २०२२ मध्ये एका अशिलासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळखपत्राचा अर्ज केला तेव्हा तो शपथपत्रावर झाला होता आणि वैद्यकीय तपासणी मागितली गेली नव्हती. अशा तरतुदी बदलू शकतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचा नियम तपासून घ्यावा. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय आहे.

आता कटू भाग. कास्टिंगमधला भेदभाव न्यायालयात सिद्ध करणे फार अवघड आहे, कारण मॉडेल बहुधा कोणाची नोकर नसते आणि नकाराला लेखी कारण नसते. धागाकर्तीला जे रात्री छळते तेच न्यायालयात पुराव्याअभावी पडते. म्हणून मी कामाच्या आधीच करारात तीन ओळी घालून घ्यायला सांगतो: श्रेयनाम कोणते, लेखी संमतीशिवाय लिंगभावाचा उल्लेख कुठेही नाही, आणि कपडे बदलण्यासाठी बंद खोली. लहान व्यापारी करार करत नाहीत. तिथे हेच तीन मुद्दे व्हॉट्सॲपवर पाठवून 'ठीक आहे' असे उत्तर मिळवून ठेवावे.

समुपदेशनाला जाण्याआधी 'घरी कळेल का' ही भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि लिंग, लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून उपचारात भेदभाव करता येत नाही.

धरमपेठचा_कॅमेरा, रात्री ८:२५

कोराडी_रोड यांचे म्हणणे मान्य. ती खोली गेलीच. मी तिला नवी खोली शोधून दिली होती, पण हे सांगून काही भरपाई होत नाही, म्हणून आधी लिहिले नव्हते. बाइंडरचा मुद्दा मात्र मला माहीत नव्हता. उद्यापासून वेळापत्रकात दर तीन तासांनी सर्वांसाठी पंधरा मिनिटांची सुट्टी लिहितो. कोणाला कारण सांगावे लागणार नाही. साड्यांच्या शूटला मुलींनाही त्याची गरज असतेच, त्या बिचाऱ्या बोलत नाहीत.

पांढरी_जास्वंद (धागाकर्ती), दहा दिवसांनंतर, रात्री ९:५०

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. मध्ये एका व्यापाऱ्याचे दिवाळी कॅटलॉग होते.

समुपदेशनाची पहिली भेट झाली. दोन्ही प्रश्न विचारले. विचारताना माझाच आवाज थरथरला, पण बाईंनी सरळ उत्तरे दिली आणि मग मला विचारले, "तुमच्या खांद्यांविषयी तुम्हाला शेवटचे चांगले कधी वाटले होते?" मी बराच वेळ गप्प होते. पाचवी-सहावीत कबड्डीच्या संघात होते तेव्हा, असे उत्तर निघाले. कबड्डीची मला गेल्या पंधरा वर्षांत आठवण झाली नव्हती. आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. तिला आत बोलावायचे की नाही हे पुढच्या मंगळवारी ठरवणार आहोत. जेवणाचे इतवारी काकूंना सांगायचे तर, रात्री एक भाकरी सुरू केली आहे. औषधाविषयी डॉक्टरांना विचारले. त्यांनी पोटॅशियमची तपासणी करायला सांगितली आणि पाणी तोडण्यावरून चांगलेच रागावले.

वहीत रेघ ओढली आणि जुन्या अकरा कास्टिंग आठवून लिहिल्या. डाव्या बाजूला दोनच नोंदी झाल्या, दोन्ही 'लुक जुळत नाही' अशाच. उजवी बाजू पुढच्या पानावर गेली. जुनी_शुक्रवारी मावशी, ते वाचताना मला दिसले की उजवीकडच्या बहुतेक ओळी 'मी बाई दिसले नाही' अशा नसून 'मी सुंदर दिसले नाही' अशा आहेत, आणि मी त्यांचा अर्थ प्रत्येक वेळी पहिला लावला होता. तुम्ही म्हणालात ते मला त्या दिवशी थोडे लागले होते, हेही सांगते.

बारावी कास्टिंग पुढच्या महिन्यात आहे. जाणार आहे. वकील साहेबांचे तीन मुद्दे संयोजकांना आधीच पाठवले; दोन दिवस उत्तर नव्हते, काल 'ओके' आले. नुसते 'ओके'. ते कोणत्या बाजूला लिहायचे, यावर मी पाच मिनिटे घालवली आणि डावीकडे लिहिले.

दरम्यान इतवारीतल्या मास्टरांचा फोन आला. पुढच्या लॉटचे ब्लाउज ते येत्या आठवड्यात कापणार आहेत, आणि या वेळी आधी शिवून मग बसवण्यापेक्षा माझ्याच मापाने कापतो, असे म्हणाले. मी मापे बोलून दाखवली. खांदा सांगताना एक इंच कमी सांगण्याची जुनी सवय आहे. तोंडापर्यंत आले होते. साडेसोळा सांगितले. ते "बरं ताई" म्हणाले आणि बाहीचे माप विचारले.